जुनं मशीन, थोडे पैसे: पिंगळीतली टिपणे

मशीनची कुंडली आधी मांडून ठेवतो. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह २४००, २०११ सालचा, चार कोअरचा. मदरबोर्ड एच-६१ चिपसेटचा, रॅमचे खण दोनच. रॅम ४ जीबी, डीडीआर-३, एकच पट्टी. हार्ड डिस्क ५०० जीबीची, फिरणारी. ग्राफिक्स कार्ड जीटी ६१०. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८. विंडोज १०. नात्यातल्या एकाने पुण्यात नवा लॅपटॉप घेतला तेव्हा हे सगळं पुतण्याला देऊन टाकलं. ते रेल्वेने परभणीला आणि तिथून रिक्षाने पिंगळीला आलं.

पुतण्याचं मागणं एवढंच: जीटीए फाइव्ह चालावा, व्हॅलोरंट चालावा, जमलंच तर काउंटर-स्ट्राइक टू. डिप्लोमाचं ऑटोकॅडही याच मशीनवर. घरात दुसरा संगणक नाही.

*

बजेट पंधरा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. दादा म्हणाला, "किती लागतील ते एकदाच सांग. दर आठवड्याला नवीन आकडा नको."

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हमीभाव पुरता मिळाला असं धरलं तरी हे जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीन. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यानंतर तीन क्विंटल ही लहान गोष्ट राहिलेली नाही. कुठलाही भाग घ्यायच्या आधी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवायचा. शहरातल्या मुलाला पाच हजारांचं कार्ड चुकीचं लागलं तर तो परत विकतो आणि दुसरं घेतो. इथे पाच हजार गेले की वर्ष गेलं.

*

सुरुवात विजेपासून. लोक ग्राफिक्स कार्डापासून सुरू करतात, आणि गावात पहिली चूक तीच होते.

वहिनी सांगत होत्या, "डब्याच्या मागं हात लागला की मुंग्या यायल्यात." टेस्टर लावला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर दिवा मंद पेटला. बोर्डातली तिसरी पिन नावापुरती, मागे वायरच नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, विजेतली खरखर गाळण्यासाठी. अर्थिंग असलं तर त्यांची किंचित गळती जमिनीत जाते. नसलं तर पत्रा साधारण अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण चालू मशीनला मॉनिटरची केबल किंवा पेनड्राइव्ह लावताना तोच करंट पोर्टातून जातो, आणि पोर्ट जळू शकतो. कधी कधी नवं कार्डही जळतं.

वायरमनने घरामागे खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ भरलं, जीआयचा पाइप उभा केला आणि वायर थेट संगणकाच्या बोर्डापर्यंत ओढली. आपल्या काळ्या मातीत ओल असली की अर्थिंग उत्तम लागतं. मात्र एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि ती पाइपापासून सुटते. त्या दोन महिन्यांत खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं, एवढं वहिनींनी मनावर घेतलं आहे.

या खर्चात एकही फ्रेम वाढत नाही. तरी मी तो पहिला धरतो.

*

घरात इन्व्हर्टर आहे. त्याच्या मागे एक छोटा खटका असतो, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं लिहिलेला. बहुतेक घरांत तो 'नॉर्मल'वर असतो, कारण पंखा-दिव्याला काही फरक पडत नाही. संगणकाला पडतो. लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ तग धरतो. 'नॉर्मल'वर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ घेतो, 'यूपीएस'वर लवकर येतो. खटका फिरवला आणि लाइट जाता-येता मशीन रीस्टार्ट होणं थांबलं. खर्च शून्य.

ज्या घरात इन्व्हर्टर नाही, तिथे ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्यावा. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. ती काही मिनिटं देते. गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला ती पुरतात.

*

एसएमपीएसच्या स्टिकरवर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेलं. त्याच्या खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, म्हणून खरा आकडा हा. आय-फाइव्ह २४०० एकटा ९५ वॅटचा आहे.

नवा घ्यायला दुकानात गेल्यावर बॉक्सवरचा आकडा न वाचता हा तक्ता वाचावा. मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर त्याला हात लावू नये.

*

साफसफाई. ही एक दुपार मी आनंदाने दिली.

कॅबिनेटची बाजू उघडली तर हीटसिंकच्या पात्यांवर गादी साचलेली: काळ्या मातीची धूळ, वरून कापसाचे रुईसारखे तंतू. वेचणीच्या दिवसांत ओसरीत कापूस पडलेला असतो, त्याचे धागे पंखा ओढून घेतो. वरची गादी चिमटीने निघाली, अखंड, पात्यांचे ठसे उमटलेली. उरलेलं रंगाच्या ब्रशने आणि ब्लोअरने काढलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

कूलरच्या चार पिना सैल करून कूलर उचलला. खालची थर्मल पेस्ट वाळून खपली झालेली. कापडाने पुसली, नवी पेस्ट वाटाण्याएवढी मध्यभागी ठेवली, कूलर सरळ दाबला. या कूलरच्या पिना समोरासमोरच्या बसवायच्या, एका कोपऱ्यातून गोल जायचं नाही, नाहीतर चौथी पिन बसत नाही आणि बसली असं वाटत राहतं. मदरबोर्ड मागून बघावा: चारही पिनांची टोकं फाकलेली दिसली पाहिजेत.

रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले. परभणीतल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याचा पहिला इलाज हाच असतो आणि तो बरोबर आहे.

आधी गेम सुरू केल्यावर प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर जाऊन स्वतःचा वेग कमी करत होता. सफाईनंतर सत्तरच्या आत राहिला. इथे मेमध्ये बाहेरच पारा ४३-४४ असतो. त्या दिवसांत हा फरक म्हणजे मशीन चालणं आणि न चालणं एवढा आहे.

*

मदरबोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, संपलेला होता. त्यामुळे लाइट गेली की तारीख मागे जायची, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला 'असुरक्षित' म्हणतो. पुतण्या कित्येक महिने समजत होता की नेट खराब आहे. किराणा दुकानात मिळणारा सेल.

*

एसएसडी. एवढ्या थोड्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

एक बारकावा. एच-६१ चिपसेटमध्ये साटाची जुनी पिढीच आहे, सेकंदाला ३ गिगाबिटची. एसएसडीच्या बॉक्सवर ५०० एमबीच्या वरचा वेग लिहिलेला असतो, या बोर्डावर त्याच्या निम्माच मिळतो. म्हणून काही जण सांगतात की जुन्या बोर्डाला एसएसडी लावणं वाया. ते खरं नाही. फिरणाऱ्या डिस्कचा खरा रोग सलग वाचण्यात नाही. हजारो बारक्या फाइली वेचताना तिचं डोकं पुढे-मागे धावतं, वेळ तिथे जातो. एसएसडीत डोकंच नाही. विंडोज आधी मिनिट-दीड मिनिट घ्यायचं, आता लॉगिनचा पडदा वीस सेकंदांत येतो. जीटीएमध्ये गाडी वेगात नेली की पुढचा रस्ता गायब व्हायचा, तेही थांबलं.

जुनी ५०० जीबीची डिस्क काढली नाही. सिनेमे, फोटो, कॉलेजच्या फाइली तिच्यावर.

*

रॅम: आठची एक पट्टी घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम वाचतो. डीडीआर-३ १३३३ ला एका पट्टीवर सेकंदाला साधारण १०.६ जीबी, दोनवर २१.३. आपल्याकडे चारची एक होतीच, तिच्याच वेगाची दुसरी परभणीत स्टेशन रोडला वापरलेली मिळाली.

*

इथे मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती लिहून ठेवतो.

जुन्या मशीनवर घातलेला पैसा दोन प्रकारचा असतो. एक अडकणारा: प्रोसेसर आणि डीडीआर-३ रॅम. हे असल्या जुन्या बोर्डांशिवाय कुठेच चालत नाहीत, बोर्ड मेला की तेही गेले. दुसरा उठून जाणारा: एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, यूपीएस, अर्थिंग. उद्या दुसरा डबा आणला तर हे सगळं त्याला जोडता येतं. बजेट लहान असेल तर अडकणाऱ्या भागांवर कमीत कमी आणि उठून जाणाऱ्यांवर उरलेले सगळे. पंधरा वर्षांच्या बोर्डाबाबत तो आणखी किती टिकेल हा प्रश्न विचारू नये. तो उद्या बंद पडला तर आपले किती पैसे वाचतील, हे विचारावं.

*

म्हणूनच आय-सेव्हन घेतला नाही. पुतण्याचा हट्ट होता: याच बोर्डावर आय-सेव्हन ३७७० बसतो, आठ थ्रेड मिळतात, सेकंडहँड मिळतो. खरं आहे सगळं. बोर्डाचा बायोस नवा करावा लागतो, तेही जमतं. पण त्या पिढीत एव्हीएक्स-२ नावाच्या सूचनांचा संच नाही. तो इंटेलने २०१३ च्या हॅसवेलपासून दिला. काही नवे गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. तीन हजार घालून दोन वर्षांची सोय, आणि तीही अर्धवट. पुतण्या समजला, मनापासून नाही.

*

मॉनिटर बदलू नये. १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाख ठिपके. १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार. मोठा मॉनिटर आणला की त्याच कार्डाला जवळजवळ दुप्पट काम. लहान पडदा हा या बजेटचा मित्र आहे.

*

आता कार्ड. पैसे इथे जातात आणि फसवणूकही इथेच होते, म्हणून सविस्तर.

आमची अट: ७५ वॅटच्या आत, वेगळी वीजकेबल न लागणारं. ७५ वॅट मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळतात. त्यामुळे आत्ताचा एसएमपीएस बदलला तरी मोठा घ्यावा लागत नाही, आणि पुढे ऑफिसातून निघालेला एखादा ब्रँडेड डबा घेतला तर त्याच्या लहान एसएमपीएसवरही हेच कार्ड चालेल. त्या डब्यांत पुष्कळदा कंपनीची वेगळ्याच पिनांची केबल असते, बाजारातला एसएमपीएस बसत नाही. ही अट तिथे कामाला येते.

या अटीत बसणारी: जीटीएक्स ७५० टीआय, २०१४ चं, ६० वॅट, २ जीबी. जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ चं, ७५ वॅट, ४ जीबी. जीटीएक्स १६५०, २०१९ चं, ७५ वॅट, ४ जीबी. मात्र त्याचे काही प्रकार सहा पिनांची केबल मागतात, ते टाळायचे. पहिली दोन स्वस्त मिळतात आणि आमच्या पडद्यावर जुने गेम चालवायला चांगली आहेत. पण एनव्हिडियाने त्या दोन्ही पिढ्यांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंतच दिले. त्यापुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते. १६५० अजून चालू यादीत आहे. उठून जाणारा पैसा म्हटल्यावर निवड उघड होती. थोडे जास्त गेले.

मधे दुकानदाराने एएमडीचं आरएक्स ६४०० सुचवलं: नवं, वॉरंटीसह, ५३ वॅटचं. कागदावर आकर्षक. पण ते खाचेच्या सोळापैकी चारच लेन वापरतं. नव्या बोर्डावर, पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीत, चार लेन म्हणजे सेकंदाला ८ जीबी. आमचा आय-फाइव्ह २४०० दुसऱ्या पिढीचा. तिथे चार लेन म्हणजे २ जीबी. चार जीबीची मेमरी भरली की कार्ड या वाटेवर अडून बसतं. नवीन असूनही आमच्यासाठी नको. दुकानदाराने हे सांगितलं नाही. त्याला ठाऊकही नसावं.

*

वापरलेलं कार्ड तपासायची रीत, गावातल्या पोरांसाठी:

पैसे द्यायच्या आधी मशीनला लावून बघायचं. 'जीपीयू-झेड' हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमध्ये न्यायचं. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या फार जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला १०५० टीआयचं नाव देणारे लोक बाजारात आहेत. विंडोज त्या नावाला फसतं. जीपीयू-झेड २०१८ पासून अशा कार्डाच्या नावापुढे 'फेक' असं लिहितं.

पंखा हाताने फिरवून बघायचा, खरखर नको. स्क्रू घासलेले असतील तर कोणीतरी उघडलं होतं. अर्धा तास गेम चालवून पडद्यावर रंगीत ठिपके येतात का पाहायचं.

आरएक्स ५८० अतिशय स्वस्त दिसलं तर दोनदा विचार. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. शिवाय '२०४८ एसपी' लिहिलेलं ५८० हे ताकदीने ५७० च असतं. आणि पूर्ण ५८० ला १८५ वॅट लागतात. आपल्या १६८ वॅटच्या डब्यात ते लावणं म्हणजे धूर.

विकणारा "आधी पैसे पाठवा, पार्सल लावतो" म्हणाला की फोन ठेवायचा.

*

पिंगळीचं स्टेशन लहान, परभणी आणि पूर्णेच्या मधलं. पण ही लाइन विलक्षण आहे. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने एका बाजूला गेलं की मुंबई. तिथे ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दुसऱ्या बाजूला गेलं की सिकंदराबाद, तिथे पार्कलेनला चिनॉय ट्रेड सेंटर, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात. देशातले संगणकाच्या सुट्या भागांचे दोन मोठे बाजार एकाच गाडीच्या दोन बाजूंना.

आमचं कार्ड सिकंदराबादहून आलं. गावातला एक मुलगा हैदराबादला कामाला आहे, त्याने सीटीसीत उभं राहून तपासलं, व्हिडिओ कॉलवर जीपीयू-झेडचा पडदा दाखवला, मग पैसे दिले. कुरियरपेक्षा माणूस बरा.

*

गेम उतरवून घेणं. जीटीए फाइव्ह शंभर जीबीच्या वर. रोजचा दीड जीबीचा मोबाइल पॅक असेल तर निव्वळ त्यालाच दोन महिन्यांहून जास्त लागेल. यावर उपाय आहे आणि तो पूर्ण कायदेशीर आहे: ज्या मित्राकडे फायबर आहे त्याच्याकडे हार्ड डिस्क न्यायची, स्वतःच्या स्टीम खात्यातून तिथे उतरवायचा, फोल्डर घरी आणून स्टीमला दाखवायचं. स्टीम फाइली पडताळून बघतं आणि उरलेलं थोडंच ओढतं. २०२५ च्या मार्चमध्ये जीटीएची नवी आवृत्ती आली, तिला जड मशीन लागतं. जुनी 'लेगसी' नावाने ठेवली आहे. आपल्याला ती.

पायरेटेड प्रत पेनड्राइव्हवर फुकट मिळते, आणि तिच्याबरोबर काय काय मिळतं ते ज्याचं बँकिंग त्याच मशीनवर आहे त्याने एकदा विचारात घ्यावं. सेलमध्ये जीटीए निम्म्याहून कमी भावात असतो.

*

विंडोजची अडचण खरी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, ती नोंदणी आम्ही केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी पिढी लागते, आमची दुसरी. आडवाटेने विंडोज ११ बसवता येतं, पण व्हॅलोरंटचं पहारेकरी सॉफ्टवेअर, व्हॅनगार्ड, विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं. तेव्हा व्हॅलोरंट हवा असेल तर सध्या १० च.

लिनक्स मिंट दुसऱ्या पार्टिशनवर टाकून ठेवलं. व्हॅल्वच्या प्रोटॉनमुळे स्टीमवरचे पुष्कळ विंडोज गेम तिथे चालतात, जीटीएची एकट्याने खेळायची गोष्ट चालते. व्हॅलोरंट चालत नाही आणि चालायची चिन्हं नाहीत. पण बँकेचं, अर्जाचं, पीकविम्याचं काम आता लिनक्समध्ये करायचं, असं घरात ठरलं आहे.

*

मॉनिटर ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठाच्या वरच्या फ्रेम त्याला दाखवताच येत नाहीत. ड्रायव्हरमध्ये साठाची मर्यादा लावली की कार्ड आणि प्रोसेसर दोघेही शांत, उष्णता कमी, बिल कमी. पूर्ण मशीन १५० वॅट धरलं आणि रोज तीन तास, तर महिन्याला साडेतेरा युनिट. शंभर युनिटांच्या अलीकडे-पलीकडे दर बदलतो, म्हणून हे साडेतेरा कुठे पडतात ते महत्त्वाचं.

*

पुण्यात सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ मध्ये उभा केला, त्याची ताकद सुमारे एक गिगाफ्लॉप. जीटीएक्स १६५० जवळजवळ तीन टेराफ्लॉपचं. मोजायची रीत तंतोतंत सारखी नाही, पण हजारोपट हे नक्की. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पिंगळीतल्या एका खोलीत ज्या मुलाच्या टेबलावर एवढी ताकद आहे, त्याने ती नुसती खेळण्यात घालवली तरी माझी तक्रार नाही. पण तो ब्लेंडर उघडून बघायला लागला आहे, आणि मला फार बरं वाटलं.

*

दादाची भीती वेगळी होती आणि ती रास्त होती. ऑनलाइन रमी आणि विमानाच्या सट्ट्याने गावोगावी पोरांनी कर्जं केली, जमिनी गेल्या. केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे. मी दादाला शेजारी बसवून व्हॅलोरंटचा एक पूर्ण सामना दाखवला. पाच जण, एकमेकांना सूचना, डाव हरल्यावर पुन्हा आखणी. तो म्हणाला, "कबड्डीसारखंच हाय की." वेळेची मर्यादा त्याने घातली, ती पुतण्याने मान्य केली.

*

'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये काढला. 'इंडस' पुण्याच्याच सुपरगेमिंगचा, २०२४ चा. पुतण्याला दोन्ही माहीत नव्हते. गेम बनवणारी माणसं परभणीहून एका रात्रीच्या प्रवासावर बसतात, हे त्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

*

सगळं जोडून झाल्यावर: जीटीए फाइव्ह मध्यम-उच्च सेटिंगवर पन्नास-साठच्या घरात. व्हॅलोरंट साठावर ठाम. काउंटर-स्ट्राइक टू मात्र चार कोअरवर अडखळतो, गेममध्ये धूर पसरला की चाळिसाच्या खाली येतो. ऑटोकॅड झटपट उघडतं. अर्थिंग, साधा पण खऱ्या वॅटचा एसएमपीएस, एसएसडी, एक रॅमपट्टी, पेस्ट, सेल, कार्ड: पंधरा हजारांत बसलं.

*

पुढचा टप्पा ठरला आहे. हा बोर्ड बंद पडला की त्याच्यावर एक रुपयाही घालायचा नाही. ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा डबा घ्यायचा: आय-फाइव्ह ८५००, सहा कोअर, टीपीएमसह, विंडोज ११ सरळ चालणारा. एसएसडी आणि कार्ड तिकडे जातील. डीडीआर-३ च्या पट्ट्या तेवढ्या मागे राहतील.

*

रॅमचे भाव २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास चढायला लागले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने आपल्याकडे वळवले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला जाहीर केलं की घरगुती ग्राहकांसाठीचा क्रूशियल ब्रँड आपण बंद करतो आहोत. एसएसडीलाही त्याची झळ लागली. गावातल्या पोरासाठी नवीन मशीन त्यामुळे आणखी लांब गेलं, आणि जुन्या मशीनची किंमत वाढली.

म्हणून पुण्या-मुंबईत, हैदराबादेत असलेल्या आपल्या माणसांना एक विनंती. तुमच्या कपाटात, माळ्यावर बंद पडलेला डबा असेल. त्यातल्या डीडीआर-३ च्या पट्ट्या, चालू एसएसडी, एखादं जुनं कार्ड भंगारात देऊ नका. पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि लग्नाला किंवा दिवाळीला गावी येताना बॅगेत टाका. पिंगळीतच अशी पाच-सहा मशीन मला ठाऊक आहेत, चार जीबीवर अडलेली.